टोपलीत ऑक्सिजन होता, तरीही…

ऑक्सिजन कमी पडला की माणसाला काय वाटते, असे कुणालाही विचारा. 'जीव घुसमटतो, धाप लागते, माणूस तडफडतो' हेच उत्तर मिळेल. पाण्यात बुडताना किंवा नाकतोंड दाबले गेल्यावर तसे होतेही. पण ती घुसमट बहुतांशी ऑक्सिजनच्या अभावाची नसते. बाहेर न पडता रक्तात साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडची असते. मेंदूतले श्वासाचे केंद्र मुख्यतः त्याच वायूवर लक्ष ठेवून असते. कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत राहिला आणि हवेतला ऑक्सिजन तेवढा हळूहळू घटत गेला, तर शरीर फारशी तक्रार करत नाही. थोडे हलके वाटते, कधी उगाच उत्साह येतो, मग डोळ्यांवर झापड येते आणि शुद्ध जाते.

२०२० आणि २०२१ मध्ये कोविडच्या वॉर्डांत हे उघड्या डोळ्यांनी पाहायला मिळाले. ऑक्सिमीटरवर ७८ किंवा ८० चा आकडा, आणि रुग्ण खाटेवर मांडी घालून मोबाइलवर घरच्यांना सांगतोय, 'मला काही होत नाही, उद्या सोडतील.' नातेवाइकांना आकडा खोटा वाटे, रुग्णाला मशीन बिघडल्यासारखे वाटे. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांतून त्याला निरनिराळी नावे दिली गेली आणि तरुण डॉक्टरांना ते काहीतरी नवेच वाटले. पण हा धडा शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेला होता, आणि तो रुग्णालयात नव्हे, तर बलूनला टांगलेल्या वेताच्या टोपलीत शिकला गेला होता. शिकणारी माणसे होती बर्लिनच्या एका बलूनक्लबची.

हा क्लब ३१ ऑगस्ट १८८१ रोजी बर्लिनमध्ये स्थापन झाला. त्याचे जर्मन नाव लांबलचक आहे. मराठीत 'हवाई प्रवासाच्या प्रसारासाठीची जर्मन संस्था' असे म्हणता येईल. विमान अजून बावीस वर्षे दूर होते. आकाशात जायचे तर बलून हाच मार्ग, आणि बलून वारा नेईल तिकडे जाणार. त्याला सुकाणू कसे लावायचे, हा त्या काळचा मोठा प्रश्न. सैन्यातले अधिकारी, अभियंते, हवामानाचे अभ्यासक आणि निव्वळ हौशी अशी सरमिसळ मंडळी जमत, व्याख्याने होत, वाद झडत. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःचे नियतकालिकही काढले.

वाद मुख्यतः दोन तटांत होता. हवेपेक्षा हलक्या बलूनलाच सुधारत न्यावे, असे एक गट म्हणे. पक्ष्यासारखे पंख करून हवेपेक्षा जड यंत्राने उडावे, असे दुसरा. या दुसऱ्या गटातला सर्वांत मोठा माणूस म्हणजे ओटो लिलिएन्थाल. तो या संस्थेचा सभासद होता आणि त्याने तिथे व्याख्यानेही दिली. पुढे स्वतः बनवलेल्या ग्लायडरवरून त्याने दोन हजारांच्या आसपास झेपा घेतल्या. ९ ऑगस्ट १८९६ रोजी तो टेकडीवरून झेपावताना कोसळला. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये विख्यात शल्यविशारद एर्न्स्ट फोन बेर्गमान यांच्या रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. राइट बंधूंनी त्याच्या कामावरूनच सुरुवात केली, हे सर्वश्रुत आहे. त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकात या क्लबचा उल्लेख झालाच तर तो लिलिएन्थालपुरता होतो. आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने मात्र क्लबची खरी कमाई त्याच्या बलूनवाल्यांकडे आहे.

त्यांचा म्होरक्या डॉक्टर होता. नाव रिखार्ड अस्मान. मराठी वाचकाला हे नाव वाचून हसू येईल. पण आकाशाच्या मागे लागलेल्या या माणसाचे नाव खरोखरच ते होते. १८४५ मध्ये माग्डेबुर्ग इथे जन्म, मग वैद्यकाचे शिक्षण, मग एका लहान गावात जवळपास दहा वर्षे रीतसर दवाखाना. हवामानाचा नाद मात्र सुटला नाही. पुढे तो एका वर्तमानपत्राने चालवलेल्या हवामानकेंद्राचा प्रमुख झाला आणि १८८६ मध्ये दवाखाना कायमचा मागे टाकून बर्लिनच्या हवामान संस्थेत दाखल झाला. रोग्याची नाडी सोडून हवेची नाडी धरली म्हणायला हरकत नाही.

डॉक्टरी सवय मात्र सुटली नव्हती. अस्मानला पहिली शंका आली ती थर्मामीटरची. गरम चहा प्यायल्यावर लगेच तोंडात थर्मामीटर ठेवला तर तो ताप दाखवतो, हे प्रत्येक नर्सला माहीत असते. बलूनमध्ये नेमके तसेच होत होते. बलून वाऱ्याबरोबर वाहतो, त्यामुळे टोपलीत बसलेल्याला वारा लागतच नाही. हवा जागच्या जागी. वर ऊन प्रखर. उन्हात टांगलेला थर्मामीटर हवेचे तापमान न सांगता स्वतः किती तापला आहे, ते सांगतो. इंग्लंडमध्ये जेम्स ग्लेशरने १८६० च्या दशकात धाडसी उड्डाणे करून उंचावरच्या तापमानाचे तक्ते केले होते आणि सारे जग ते प्रमाण मानत होते. अस्मानने थर्मामीटर चकचकीत धातूच्या नळ्यांत बसवले आणि किल्ली दिल्यावर फिरणारा छोटा पंखा वर लावला. पंखा बाहेरची हवा सतत ओढून पाऱ्याच्या गोळ्यावरून नेत राहतो. एक गोळा कोरडा, एक ओल्या कापडात गुंडाळलेला. दोन्हींच्या फरकावरून हवेतला दमटपणा कळतो. या कामात त्याला क्लबमधला अभियंता हान्स बार्ट्श फोन झिग्सफेल्ड याची साथ होती. हे उपकरण हवामानखात्यांत आजही वापरले जाते. या उपकरणाने मोजल्यावर उंचावरची हवा ग्लेशरच्या तक्त्यांपेक्षा बरीच थंड निघाली.

उपकरण तयार झाले, आता ते वर न्यायचे. १८८८ ते १८९९ या काळात क्लबने माणसे बसवून ६५ आणि नुसती यंत्रे बांधून २९ उड्डाणे केली. पैसा लागतो, तो सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने दिला. सुरुवातीलाच ५० हजार मार्क. १ मार्च १८९३ रोजी 'हुम्बोल्ट' नावाचा बलून सम्राटाच्या समोर वर गेला. तो फार टिकला नाही. त्याच वसंतात एका उड्डाणानंतर जमिनीवर गॅस सोडताना त्याने पेट घेतला. त्याच्या जागी आलेल्या बलूनचे नाव 'फिनिक्स' ठेवले गेले. राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचे नाव का, ते सांगायला नको.

या उड्डाणांचा खरा राबता माणूस आर्थर बेर्सन. जन्म १८५९ चा, पोलंडच्या दक्षिणेकडच्या, तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात असलेल्या एका गावचा. सर्वांत जास्त वेळा तोच टोपलीत असे. जितके वर जाऊ तितके चांगले, असा त्याचा हिशेब. पण किती वर, हा प्रश्न हवामानशास्त्राचा राहिला नव्हता, शरीरशास्त्राचा झाला होता.

कारण फ्रान्समध्ये जे घडले होते ते सर्वांना ठाऊक होते. १५ एप्रिल १८७५ रोजी 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून तिघे पॅरिसहून वर गेले: गास्ताँ तिसांदिए, सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली. सोबत ऑक्सिजन मिसळलेल्या हवेच्या पिशव्या होत्या. पॉल बेर या शरीरशास्त्रज्ञाच्या कमी दाबाच्या खोलीत त्यांनी आधी सरावही केला होता. ऑक्सिजन थोडा आहे, शेवटी वापरू, असे त्यांनी ठरवले. शेवट आला तेव्हा हात उचलेना. तिसांदिएने नंतर लिहिले की वेदना अशी काही नव्हतीच. उलट आतून आनंद वाटत होता. बलून साडेआठ हजार मीटरच्या वर पोहोचला. जमिनीवर जिवंत उतरला तो एकटा तिसांदिए. त्याचे दोन्ही साथीदार टोपलीतच गेले होते.

पॉल बेरने तीन वर्षांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध करून कारण स्पष्ट मांडले. हवेतल्या ऑक्सिजनचे प्रमाण वर गेल्यावर बदलत नाही; समुद्रकाठी २१ टक्के, तसेच नऊ हजार मीटरवरही २१ टक्केच. बदलतो तो दाब. मुंबईत हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका असतो. श्वासनलिकेत हवा ओली होते, त्या वाफेचे ४७ वजा करायचे आणि उरलेल्याचे २१ टक्के घ्यायचे. म्हणजे फुप्फुसाकडे जाणाऱ्या ऑक्सिजनचा दाब साधारण १५० येतो. तो रक्तात ऑक्सिजन ढकलतो. दाब उतरला की ढकलणारा जोरच उरत नाही. टाकीत पाणी आहे पण वरच्या मजल्यावर नळाला येत नाही, तशी गत.

४ डिसेंबर १८९४. बेर्सन 'फिनिक्स'मधून मध्य जर्मनीतल्या श्टासफुर्ट इथून एकटाच वर गेला. सोबत ऑक्सिजनचे सिलिंडर. ९,१५५ मीटरवर तो पोहोचला तेव्हा हवेचा दाब २३१ होता आणि तापमान उणे ४७.९ अंश. वरचाच हिशेब मांडला तर साध्या हवेत त्याच्या श्वासातल्या ऑक्सिजनचा दाब ३९ च्या आसपास, म्हणजे नेहमीच्या चौथ्या हिश्श्याएवढा भरतो. एव्हरेस्टहूनही उंच जागा ही. एव्हरेस्टवर काही माणसे ऑक्सिजनशिवाय उभी राहिली आहेत हे खरे. पण ती आठवडेच्या आठवडे शरीराला सवय लावून. दोन-तीन तासांत तिथे नेलेला माणूस मिनिटांत बेशुद्ध होतो. बेर्सन झाला नाही, कारण तो नळीने ऑक्सिजन ओढत राहिला. नोंदी पूर्ण केल्या आणि बाल्टिक किनाऱ्याजवळ कील शहरालगत सुखरूप उतरला. एका माणसाने एकट्याने केलेले हे काम वैद्यकाच्या इतिहासात हवे तेवढे सांगितले जात नाही.

एकट्याला जमले, म्हणून दोघांना अधिक सोपे जाईल असे वाटले असणार.

३१ जुलै १९०१. बर्लिनचे टेम्पेलहोफ मैदान. बलूनचे नाव 'प्रॉइसन', आकार ८,४०० घनमीटर. त्या काळाच्या मानाने अवाढव्य. टोपलीत बेर्सन आणि ३५ वर्षांचा राइनहार्ड झ्यूरिंग. सोबत ऑक्सिजनचे चार सिलिंडर, प्रत्येकात हजार लिटर. नळीचे टोक ओठात धरून ओढायचे. या वेळी वैद्यकाचाही सल्ला होता. व्हिएन्नाचा डॉक्टर हेर्मान फोन श्रोटर त्यांच्यासोबत काम करत होता आणि उड्डाणाआधी कमी दाबाच्या खोलीत त्यांची चाचणीही झाली होती.

सकाळी अकराच्या सुमारास बलून सुटला. नऊ हजार मीटरच्या पुढे दोघांनाही झोप येऊ लागली. एकमेकांना हलवून ते जागे राहत होते, वाळूच्या पिशव्या सोडत होते, आकडे टिपत होते. १०,२२५ मीटरवर दाब २०२ आणि तापमान उणे ३९.७ अशी नोंद आहे. ती शेवटची. त्यानंतर बेर्सनचे लक्ष गेले तर झ्यूरिंग झोपी गेलेला. बेर्सनने खाली उतरण्यासाठी झडपेची दोरी ओढली आणि तोही कोसळला. मधेच झ्यूरिंगला क्षणभर जाग आली, त्याने बेर्सनला ऑक्सिजन द्यायची धडपड केली, आणि पुन्हा अंधार. बलून आधी मिळालेल्या वेगाने आणखी वर गेला. नंतरच्या हिशेबाने १०,८०० मीटरपर्यंत. मग झडपेने आपले काम केले. दोघे शुद्धीवर आले तेव्हा बलून सहा हजार मीटरवर होता आणि वेगाने खाली येत होता. हातपाय जड, डोके सुन्न. पण पुढे त्यांनी बलून आवरला आणि संध्याकाळी कॉटबुस शहराजवळ उतरले.

सिलिंडर रिकामे नव्हते. मग असे का झाले?

पुन्हा तोच हिशेब करू. दाब २०२, वाफेचे ४७ वजा, उरले १५५. आता साध्या हवेऐवजी निव्वळ ऑक्सिजन श्वासात जात असेल, तर २१ टक्क्यांचा गुणाकार करावा लागत नाही. पूर्ण १५५ ऑक्सिजनचाच दाब. समुद्रकाठच्या १५० पेक्षा तो कमी नाही. म्हणजे शेवटची नोंद झाली त्या उंचीवर, प्रत्येक श्वास जर फक्त सिलिंडरमधून आला असता, तर दोघेही टेम्पेलहोफच्या मैदानावर उभे असल्यासारखे शुद्धीत राहिले असते. तसा तो येत नव्हता. ओठात धरलेल्या नळीभोवतून आणि नाकातून बाहेरची विरळ हवा मिसळत होती. नोंद घेताना, पिशवी सोडताना, बोलताना नळी तोंडातून निघत होती. त्यात काम अंगमेहनतीचे, अंगावर जाड कपडे आणि हाडे गोठवणारी थंडी. आणि सर्वांत वाईट म्हणजे, झोप लागली की ओठ सैल पडतात आणि नळी गळून पडते. ज्या क्षणी ऑक्सिजनची सर्वांत जास्त गरज, त्याच क्षणी तो बंद होतो, असे ते यंत्र होते.

रुग्णालयात काम करणाऱ्या कुणालाही हे वाचून ओळखीचे वाटेल. भिंतीवरच्या मीटरमध्ये बुडबुडे येत आहेत, कागदावर 'ऑक्सिजन चालू' लिहिले आहे, आणि मास्क रुग्णाच्या कपाळावर सरकलेला आहे. जेवताना काढला, तो तसाच राहिला. शौचालयाकडे चालत जाऊन आल्यावर माणूस कोसळतो. कोविडच्या काळात सिलिंडरच्या तुटवड्यावर खूप लिहिले गेले, ते योग्यच होते. मास्क नाकावर घट्ट बसला आहे की नाही, हे पाहणाऱ्या माणसांच्या तुटवड्यावर मात्र फार थोडे लिहिले गेले.

श्रोटरने या अपघातातून दोन गोष्टी काढल्या. नळीऐवजी चेहऱ्यावर बांधायचा मास्क हवा, म्हणजे शुद्ध गेली तरी ऑक्सिजन चालू राहील. आणि आणखी वर जायचे तर माणसाला बंद, दाब राखलेल्या डब्यात बसवावे. कारण एका उंचीनंतर निव्वळ ऑक्सिजनही पुरत नाही. एकूण दाबच इतका कमी होतो. पुढच्याच वर्षी त्याने बर्लिनचे शरीरशास्त्रज्ञ नाथान त्सुन्ट्स यांच्याबरोबर बलूनमध्ये श्वास आणि रक्ताचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. विमानवैद्यकाची सुरुवात विमान जन्माला येण्याआधी झाली, ती अशी. पण शहाणपण लगेच अमलात येत नाही. अमेरिकी लष्कराचे कॅप्टन हॉथॉर्न ग्रे नोव्हेंबर १९२७ मध्ये उघड्या टोपलीतूनच बारा हजार मीटरच्या वर गेले आणि ऑक्सिजनअभावी मरण पावले. शेवटी २७ मे १९३१ रोजी ऑग्युस्त पिकार आणि त्याचा साहाय्यक जर्मनीतल्याच आउग्सबुर्गहून ॲल्युमिनियमच्या बंद गोळ्यात बसून १५,७८१ मीटरवर जाऊन परतले.

आज मुंबई-दिल्ली विमान ज्या उंचीवरून जाते, ती बेर्सन-झ्यूरिंग बेशुद्ध पडले तीच. आपण तिथे चहा पितो, कारण आतला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या गावाइतका राखलेला असतो. तो अचानक गेला तर ३५ हजार फुटांवर माणसाला शहाण्यासारखे वागायला अर्धे ते एक मिनिट मिळते. दुसऱ्याला मदत करण्याआधी स्वतःचा मास्क लावा, ही सूचना स्वार्थाची नाही. मुलाचा मास्क नीट बसवेपर्यंत आईचीच बोटे ऐकेनाशी झालेली असतात. दाब हळूहळू गेला तर अधिक घातक, कारण कळतच नाही. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसहून निघालेल्या एका विमानात तसेच झाले. इशाऱ्याचा भोंगा वाजत असताना वैमानिक त्याचा अर्थ लावू शकले नाहीत. विमान ऑटोपायलटवर उडत राहिले आणि इंधन संपल्यावर ग्रीसमध्ये कोसळले. १२१ जण गेले.

क्लबच्या बाकीच्या कहाणीतही चढउतार आहेत. थर्मामीटरवाला झिग्सफेल्ड १ फेब्रुवारी १९०२ रोजी अँटवर्पजवळ वादळी वाऱ्यात बलून उतरवताना मरण पावला. त्या बलूनचे नाव 'बेर्सन' होते. अस्मानने मात्र माणसाला वर पाठवण्याचा नाद कमी करून रबरी फुगे आणले: वर जाताना फुगत जाणारे, शेवटी फुटणारे आणि यंत्र छत्रीने खाली सोडणारे. १ मे १९०२ रोजी त्याने जाहीर केले की दहा-बारा किलोमीटरच्या वर तापमान घटायचे थांबते. पॅरिसमध्ये तेस्सरांक द बोर यांनी तेच तीन दिवस आधी सांगितले होते. त्यालाच आपण आज स्थितांबर म्हणतो. फुग्यांतल्या यंत्रांचे आकडे खरे मानावेत की नाहीत, या वादात बेर्सन आणि झ्यूरिंग यांनी जिवावर उदार होऊन डोळ्यांनी वाचलेले आकडे कामी आले. भारतीय हवामान खाते मुंबई, नागपूर, पणजी इथून असेच फुगे सोडते. बेर्सन ८३ वर्षे जगला, झ्यूरिंग ८४.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा विषय सर्वांत जास्त भिडतो तो उन्हाळ्याच्या सुट्टीत. पुण्या-मुंबईहून सकाळी निघालेले कुटुंब दुपारी लेहला उतरते. ३,५०० मीटर, हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांश. बसने चढत गेले असते तर शरीराला काही दिवस मिळाले असते, विमानाने काही तासच मिळतात. आणि पहिल्या दिवशी नेमके 'काहीच होत नाही' असे वाटते. मग दुसऱ्याच दिवशी ५,३५९ मीटरच्या खारदुंग ला खिंडीत, जिथे दाब निम्म्यावर येतो, फोटो काढायला गाडी निघते. तिथल्या जुन्या पाटीवर याहून बरीच मोठी उंची लिहिलेली होती. शरीराला खरी उंची पुरेशी आहे.

पहिले दोन दिवस लेहमध्ये आराम, मद्य आणि झोपेची गोळी वर्ज्य. त्यानंतरही रोज रात्रीच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे हे पर्वतविकाराचे साधे रूप. त्यात वर जायचे नाही, थांबायचे. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, तोल जाणे, असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसली तर ऑक्सिजन द्यायचा आणि रात्र असली तरी खाली न्यायचे. ॲसिटाझोलामाइड ही गोळी उपयोगी आहे, पण ती निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फाची ॲलर्जी आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर नक्कीच. बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ८५ ते ९० हा आकडा लेहमध्ये पहिल्या दिवशी सर्रास दिसतो, त्याने घाबरू नये. बोटे गार असतील किंवा नखांना रंग असेल तर यंत्र चुकतेही. तोल पाहायचा असेल तर जमिनीवरच्या सरळ रेषेवर, टाचेला अंगठा लावत चालायला सांगावे. आणि हे रुग्णाने स्वतःपुरते ठरवायचे नाही, शेजारच्याने पाहायचे. अशा वेळी आपण ठीक आहोत, असे रुग्णाचे मत सर्वांत ठाम असते.

लेहच्या बाजारात ऑक्सिजनचे छोटे डबे विकत मिळतात. त्यात काही लिटर वायू असतो आणि तो काही मिनिटांत संपतो. बेर्सनकडे चार हजार लिटर होता. डबा घ्यायचाच असेल तर खाली उतरण्याची गाडी येईपर्यंतच्या वेळासाठी घ्यावा. आणखी वर जाण्यासाठी नाही.